प्रतिजैविक औषधांची जमाबंदी

गेल्या ज्येष्ठांत आमच्या गोठ्यांतील एक दुभती म्हैस दगडीनें आजारी पडली. मागचा डावा सड सुजून घट्ट झाला व धारेंत गुठळ्या येऊं लागल्या. गांवोगांव हिंडून जनावरांस सुई टोंचणाऱ्या एका इसमाकडून आम्हीं इंजेक्शन देवविलें. त्यानें तीन दिवसांचें औषध सांगितलें होतें. परंतु दुसऱ्या दिवशीं सूज उतरलेली पाहून तिसरें इंजेक्शन आम्हींच नको म्हटलें. तेवढेच पैसे वांचले असा हिशोब. आठवडा लोटतो न लोटतो तों दगडी पुन्हां आली. मग दुसरें औषध झालें, तिसरें झालें, आणि अखेरीस तो सड कायमचा बसला.

त्याच दिवसांतली दुसरी गोष्ट अशी. आजारी सडाचें दूध टाकून बाकीच्या तीन सडांचें दूध आम्ही घरांत घेत होतों. त्यास विरजण लावलें तर सकाळीं पातेल्यांत दूध जसेंच्या तसें! घरच्या मंडळींनीं विरजणास दोष दिला. शेजारून दुसरें विरजण आणलें, तेंही लागेना. शेवटीं सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांस विचारलें, तेव्हां ते हंसून म्हणाले, “दादा, दूध ज्यानें विरजतें तेही जंतूच आहेत. तुम्ही म्हशीस जें टोंचलेंत तें रक्तावाटे चारी सडांत उतरलें आणि त्यानें तुमचें विरजण मारलें. हें दूध लेंकरांस पाजलेंत काय?” पाजलें होतें. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें आणि सगळें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलेलें. वैद्यकशास्त्रांत आमचा अधिकार नाहीं. परंतु वही, रकाना व बेरीज या तीन गोष्टी आम्हांस कळतात. आणि या विषयाचें अर्धें अंग वैद्यकाचें असलें तरी उरलेलें अर्धें शुद्ध दप्तराचें आहे, असें अनेक महिने माहिती गोळा केल्यावर आमचें मत झालें आहे. म्हणून हा लेख.

प्रथम औषधांविषयीं. ज्यांस इंग्रजींत अँटिबायोटिक व मराठींत प्रतिजैविक म्हणतात, तीं औषधें शरीरांतील रोगजंतूंस मारतात किंवा त्यांची वाढ थांबवितात. १९२८ सालीं लंडनच्या एका रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंग यांस बुरशीपासून होणाऱ्या पेनिसिलिनाचा शोध लागला. १९५४ सालीं आपल्या पुण्याजवळ पिंपरी येथें सरकारी कारखाना निघून हिंदुस्थानांत पेनिसिलीन तयार होण्याची सोय झाली. बाळंतरोग, न्यूमोनिया, पायांत कांटा मोडून चढलेलें विष, यांनीं पूर्वीं घरचीं घरें बसत. तीं या औषधांनीं वांचलीं. तथापि खुद्द फ्लेमिंग यांनींच १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत इशारा दिला होता कीं, औषध अपुरें घेतलें तर जंतु मरणार नाहींत, उलट त्या औषधास दाद न देण्यास शिकतील.

हें कसें घडतें तें आपल्या कपाशीकडे पाहून समजेल. बीटी कपाशी २००२ सालीं आली तेव्हां बोंडअळी संपली असें सर्वांस वाटलें. कंपनीच्या पिशवींत बिगर बीटी बियाण्याची लहान पुडी येई. तें बियाणें कडेनें लावावें, म्हणजे साध्या अळ्यांची वस्ती टिकून राहील, असें सांगितलेलें होतें. तें कितीजणांनीं लावलें हें ज्यानें त्यानें मनाशीं आठवावें. लाखों अळ्यांत ज्या थोड्या विष पचविणाऱ्या होत्या त्या वांचल्या, त्यांचाच वंश वाढला, आणि २०१७ च्या हंगामांत शेंदरी बोंडअळीनें विदर्भ व मराठवाड्यांत काय केलें हें सांगावयास नको. जंतूंचें तसेंच आहे. फरक इतकाच कीं, अळीची एक पिढी महिन्याभरानें पालटते, जंतूची अर्ध्या तासाच्या आंत पालटूं शकते. शिवाय अळी आपला गुण फक्त आपल्या पिलांस देते. जंतु मात्र शेजाऱ्याच्या हातावर उसनी पेंड ठेवावी तसा तो गुण दुसऱ्या जातीच्या जंतूसही देऊं शकतो. म्हणून गोठ्यांतल्या जंतूनें कमावलेली विद्या माणसाच्या पोटांतल्या जंतूकडे जाण्यास आडकाठी नाहीं.

२०१९ या एका वर्षांत जगांत सुमारें १२ लक्ष ७० हजार माणसें केवळ औषधास दाद न देणाऱ्या जंतूंमुळें दगावलीं, आणि ज्या मृत्यूंत अशा जंतूंचा संबंध होता त्यांची संख्या ४९ लक्ष ५० हजार होती, असा अंदाज २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. लोकसंख्येच्या मानानें सर्वांत जास्त मृत्यु कोठें? तर पश्चिम आफ्रिकेच्या गरीब देशांत. तेथें निर्मळ पाणी नाहीं, लस पोंचत नाहीं, कोणत्या जंतूनें रोग झाला हें तपासण्याची सोय नाहीं, आणि पहिलें औषध लागू पडलें नाहीं तर दुसरें विकत घेण्यास पैसा नाहीं.

हे आंकडे आम्हांस दूरचे वाटत होते, तों श्रावणांत आमच्या थोरल्या बंधूंस लघवीचा विकार होऊन ताप चढला. जिल्ह्याच्या ठिकाणीं त्यांची तपासणी झाली व एक छापील कागद हातीं आला. डाव्या रकान्यांत औषधांचीं नांवें, उजव्या रकान्यांत इंग्रजी एस् किंवा आर् हें अक्षर. एस् म्हणजे जंतु या औषधानें मरेल, आर् म्हणजे दाद देणार नाहीं. आम्हीं जन्मभर सातबारा वाचला, म्हणून तो कागद त्याच रीतीनें वरून खालीं वाचूं लागलों. वीस नांवांत सोळा आर् होते. उरलेल्या चारांपैकीं तिघांस रोज शिरेंतून द्यावें लागे. दादा उठले, देवाची कृपा. पण अठरा दिवस खाटेवर काढून व एक बैलजोडी विकून उठले. त्यांनीं उभ्या जन्मांत मोठें औषध घेतलेलें आम्हांस आठवत नाहीं. मग त्यांच्या अंगांतल्या जंतूस ही विद्या कोणीं शिकविली? दुधांतून गेली, पाण्यांतून गेली, कीं दुसऱ्या कोणा रोग्याकडून आली, हें आज कोणी सांगूं शकत नाहीं, कारण गांवांत, तालुक्यांत, कोणतें औषध किती खपतें व कोणता जंतु कोणत्या औषधास दाद देत नाहीं, याची वहीच कोठें मांडलेली नाहीं. आमचा लेखाचा खरा विषय येथून सुरू होतो.

औषधाचा खप मोजावयाचा कसा? नुसती पेट्यांची संख्या उपयोगाची नाहीं. तालुक्यांत एकंदर किती पोतीं ज्वारी झाली यावरून पीक बरें कीं वाईट हें ठरत नाहीं, दर एकरीं उतारा काढावा लागतो. तसें येथेंही आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रत्येक औषधाचें मोठ्या माणसाचें एका दिवसाचें माप ठरविलें आहे. अमोक्सिसिलिन तोंडानें घ्यावयाचें असेल तर तें दीड ग्रॅम. समजा, दोन हजार वस्तीच्या गांवांत तीस दिवसांच्या महिन्यांत अर्ध्या ग्रॅमच्या ३६०० गोळ्या खपल्या. म्हणजे १८०० ग्रॅम, अर्थात् १२०० दिवसमापें, म्हणजे रोजचीं ४०, आणि दर हजारीं रोज २०. याचा अर्थ, कोणत्याही दिवशीं त्या गांवांत हजारांत वीस माणसें हें औषध घेत आहेत. इतकी बेरीज आपल्या शाळेंतील सातवींचा मुलगा करील. ही निघाली म्हणजे दोन गांवें, दोन जिल्हे, दोन देश शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां येतात.

पण किती याबरोबर कोणतें हेंही पाहिजे. २०१७ सालीं त्याच संघटनेनें या औषधांच्या तीन प्रती पाडल्या. पहिली, नेहमींच्या दुखण्यास आधीं वापरावयाची. दुसरी, जपून वापरावयाची. तिसरी, दुसरें कांहींच चालत नसेल तेव्हांच काढावयाची राखीव. शेतकऱ्याच्या घरीं जसें रोजच्या खाण्याचें धान्य, बियाण्याचें धान्य व दुष्काळाचें पेव हीं वेगळीं असतात, तशी ही वांटणी आहे. २०२४ च्या सप्टेंबरांत संयुक्त राष्ट्रांच्या सभेंत सर्व देशांनीं असें ठरविलें कीं, २०३० पर्यंत माणसांसाठीं वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकीं जगांत शेंकडा ७० तरी पहिल्या प्रतीचीं असावीं. ठराव चांगला आहे. तो पाळला गेला कीं नाहीं हें कळण्यास मात्र पुन्हां वहीच पाहिजे.

आपल्या देशांत वही अगदींच नाहीं असें नाहीं. १ मार्च २०१४ पासून औषध नियमांत एच्-वन् नांवाची एक यादी आली. तिच्यांत ४६ औषधें घातलीं, त्यांत अनेक भारी प्रतिजैविकें आहेत. हीं औषधें विकतांना दुकानदारानें स्वतंत्र वहींत चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टराचें नांव व पत्ता, रोग्याचें नांव, औषध व त्याचें परिमाण लिहावें, आणि ती वही तीन वर्षें जपावी, असा नियम आहे. नियम उत्तम, पण वही दुकानांत राहते, निरीक्षक आला तर त्यास दाखवावयाची. तिच्यांतून तालुक्याची बेरीज आपोआप निघत नाहीं. आणि जो शेतकरी चिठ्ठीवांचून दोन गोळ्या सुट्या मागून नेतो, तो कोणत्या ओळींत लिहिला जाणार?

येथें आमच्या नोकरींतला एक अनुभव सांगणें प्राप्त आहे. आम्ही लहान होतों तेव्हां एका चावडींत पीकपाहणी लिहितांना आम्हीं पाहिली. शेतावर कोणी गेलें नाहीं. मागल्या वर्षींची ओळ यंदाच्या पानावर उतरली. ज्या सर्व्हे नंबरांत ऊस मोडून वर्ष झालें होतें तेथें ऊस उभाच राहिला. पुढें गारपीट झाली, मदत आली, आणि ज्यानें हरभरा पेरला होता त्यास कागदावर हरभरा नसल्यानें छदाम मिळाला नाहीं. ती ओळ उतरणाऱ्यांत आमचाही हात होता, हें आज लिहितांना लाज वाटते. २०२१ सालापासून शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवर पिकाच्या फोटोसह पीकपाहणी नोंदवावी अशी सोय झाली. ज्याचें नुकसान व्हावयाचें त्याच्याच हातीं लेखणी दिली, हें त्यांतलें मर्म. औषधाच्या वहीसही आम्ही हाच नियम लावूं. नुसती भरण्यासाठीं भरलेली वही ही कोऱ्या वहीपेक्षां वाईट, कारण कोरी वही निदान खोटें बोलत नाहीं.

दुसरी अडचण अशी कीं, गरीब देशांत जी जंतुपरीक्षा होते ती बहुधा मोठ्या रुग्णालयांत होते. तेथें पोंचणारा रोगी आधींच चार औषधें खाऊन आलेला असतो. त्याच्या जंतूवरून साऱ्या मुलखाचा अंदाज बांधणें म्हणजे बुडालेलें एकच शेत पाहून तालुक्याची पैसेवारी लावणें आहे. पीककापणीच्या प्रयोगांत शेत मनास येईल तें न निवडतां चिठ्ठ्या टाकल्यासारखें निवडावें, हें शास्त्र या देशांत १९४० नंतरच्या दशकांत रूढ करणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे व विनायक गोविंद पानसे हे दोघे मराठी संख्याशास्त्रज्ञ अग्रभागीं होते. तीच दृष्टि जंतूंच्या मोजणीस पाहिजे. पण त्यासाठीं आधीं प्रयोगशाळा हव्यात. आफ्रिकेंतील १४ देशांतल्या सुमारें ५०,००० वैद्यकीय प्रयोगशाळांची पाहणी २०२२ सालीं प्रसिद्ध झाली, तींत जंतुपरीक्षेची सोय शेंकडा १.३ ठिकाणींच आढळली. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१३ पासून मोठ्या रुग्णालयांचें जाळें उभें केलें आहे, आणि मासे व जनावरें यांतील जंतूंसाठीं भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचेंही एक जाळें आहे; हें समाधानाचें. जाळ्याचीं भोकें अजून मोठीं आहेत इतकेंच.

आतां आपल्या धंद्याकडे. कोंबड्या व डुकरें यांच्या खाद्यांत हीं औषधें थोडथोडीं मिसळलीं तर वजन लवकर भरतें असें १९५० च्या सुमारास अमेरिकेंत आढळलें, आणि जगभर तो परिपाठ पडला. रोग नसतां रोज अल्प मात्रा देणें म्हणजे जंतूंची शाळाच भरविणें होय. स्वीडनने १९८६ सालीं वजनवाढीसाठीं हा वापर बंद केला. युरोपांतील संघराष्ट्रांनीं १ जानेवारी २००६ पासून सर्वत्र बंद केला. कोलिस्टिन नांवाचें औषध माणसांसाठीं शेवटचा आधार मानतात. त्यास दाद न देणारा व एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारा गुण चीनमध्यें डुकरांत, मांसांत व माणसांतही सांपडल्याचें २०१५ सालीं उघड झालें. चीननें २०१७ सालीं खाद्यांतील त्याचा वापर थांबविला, आणि आपल्या सरकारनें जुलै २०१९ मध्यें अन्नासाठीं पाळलेल्या जनावरांकरितां त्याचें उत्पादन व विक्री बंद केली.

डेन्मार्कचें उदाहरण आम्हांस विशेष बोधप्रद वाटलें, कारण तो शेतकऱ्यांचा व सहकाराचा देश आहे. त्यांनीं १९९५ सालीं जनावरें, अन्न व माणसें या तिन्हींतले जंतु आणि औषधांचा खप एकाच ठिकाणीं नोंदण्यास आरंभ केला. त्याच सुमारास पशुवैद्यांनीं औषधविक्रीवर किती नफा घ्यावा यास मर्यादा घातली. ही गोष्ट लहान दिसते, पण जो औषध सांगतो त्यानेंच तें विकून पोट भरावें, हें जेथें आहे तेथें वही कितीही सुंदर असली तरी खप उतरणार नाहीं. २००० सालापासून प्रत्येक गोठ्यास कोणतें औषध किती गेलें हें नोंदलें जाऊं लागलें, आणि २०१० पासून ज्याचा खप ठरलेल्या रेषेवर जाईल त्यास पिवळें कार्ड मिळूं लागलें. वजनवाढीचीं औषधें बंद केल्यावर लहान पिलांत हगवण कांहींशी वाढली व उपचाराचें औषध प्रथम अधिक लागलें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पण धंदा बुडाला नाहीं; डुकरांची पैदास पुढेंही वाढतच गेली.

डाळिंबावरील तेल्या व लिंबावरील खैऱ्या यांसाठीं स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचें मिश्रण फवारण्याची चाल आपल्या बागाईत भागांत पडली होती. त्यांतील स्ट्रेप्टोमायसिन माणसाच्या क्षयरोगावर वापरलें जाणारें औषध आहे. वही ठेवूं लागलों तर या फवाऱ्याची ओळ विसरूं नये. बाकी हा विषय स्वतंत्र लेखाचा.

कोणी म्हणेल, हें सर्व औषध बंद करण्याचें सोंग आहे. तसें नव्हे. ज्या वस्तीवर डॉक्टर आठवड्यांतून एकदां येतो, तेथें न्यूमोनिया झालेल्या बालकास वेळेवर औषध न मिळणें हें औषध फुकट खर्च होण्याइतकेंच, किंबहुना अधिक भयंकर आहे. खपाचा आंकडा कमी असणें हें नेहमींच शहाणपणाचें लक्षण नसतें. कित्येक देशांत तें दारिद्र्याचें लक्षण असतें. म्हणून बेरीज पाहणाऱ्यानें मृत्यूचा रकानाही शेजारीं ठेवावा. लाळ-खुरकूत, मानमोडी हे विषाणूंचे रोग. त्यांवर प्रतिजैविक मूळ रोगास चालत नाहीं, वेळेवर लस टोंचणें हाच उपाय. लस घेतलेल्या गोठ्याची वही पुष्कळशी कोरी राहते, आणि असा कोरेपणा आम्हांस मान्य आहे.

आपल्या संघाच्या मागील बैठकींत आम्हीं एका वहीचा नमुना मांडला. आडवे रकाने असे: तारीख, जनावराच्या कानांतील बिल्ल्याचा बारा आंकडी क्रमांक, रोग, औषध कोणाच्या सल्ल्यानें दिलें, औषधाचें नांव व मात्रा, किती दिवस सांगितलें व किती दिवस दिलें, शेवटच्या मात्रेची तारीख, दूध पुन्हां केव्हांपासून घातलें. औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस टाकावें हें छापलेलें असतें. जेथें छापलेलें नसेल तेथें, २०१२ सालच्या नियमाप्रमाणें, दूध व अंडीं निदान ७ दिवस व मांस निदान २८ दिवस वापरूं नये. बैठकींत एका सभासदानें रास्त प्रश्न केला कीं, सात दिवसांच्या दुधाचें नुकसान कोणीं सोसावें? आजारी जनावराचा खर्च आणि वर दूध टाकणें, हें दोन म्हशींच्या धन्यास जड आहे. आमचें मत असें कीं, संघाच्या वार्षिक नफ्यांतून यासाठीं एक लहान निधि काढावा, व ज्याच्या वहींत शेवटच्या मात्रेची तारीख लिहिलेली असेल त्यासच त्यांतून भरपाई मिळावी. खरें लिहिणारास तोटा व खोटें लिहिणारास नफा, अशी वही दोन महिन्यांवर टिकत नाहीं. हा ठराव पुढील सभेपुढें येणार आहे.

वहीच्या छापील प्रती चिटणिसांकडे ठेविल्या आहेत. ज्यांस रकाने भरण्याची संवय नाहीं त्यांनीं मंगळवारीं बाजाराच्या दिवशीं आमच्याकडे यावें, आम्ही लिहून देऊं. पहिल्या पानावरची पहिली ओळ आमच्या म्हशीची आहे. ‘किती दिवस सांगितलें’ या रकान्यांत ३ आहे, ‘किती दिवस दिलें’ या रकान्यांत २.